इम्तियाजचा वन्स मोअर

इम्तियाजला एका जागी बसवणं कुणाच्या बापाला जमलं नाही. चहासुद्धा तो उभ्यानं प्यायचा, आणि अर्धा टाकून चालू लागायचा. चाकणचा हा गडी ट्रकचं इंजिन दुरुस्त करण्यात पटाईत होता. चिखलीतल्या कुठल्याही गॅरेजात त्याला काम मिळायचं, पण मालकाचा जीव जडला की स्वारी दुसरीकडे. टिकला तो फक्त आमच्या ऑर्केस्ट्रात. तो गिटार वाजवायचा, मी ड्रम.

राजगुरुनगरच्या जमिलाशी त्याची मंगनी होऊन तीन वर्षं झाली होती. ती कपडे शिवायची, कमी बोलायची. तिचे अब्बा दर ईदला निकाहची तारीख विचारायचे आणि हा दर ईदला नवी सबब काढायचा. मी शिव्या घातल्या की म्हणायचा, "ज्योतीराम, तिच्यात काय खोट न्हाई रे. पण लगीन म्हटलं की दम कोंडतो माझा."

मग त्यानं एक गाणं बांधलं. मराठीतच, पण चाल अशी धडाक्याची की वाजवताना माझे हात भरून यायचे. तू चांगली आहेस, पण मला रस्ता हवाय, माझी वाट बघू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. जे तोंडावर सांगायची छाती नव्हती, ते हा पठ्ठ्या गिटार गळ्यात अडकवून सांगणार होता. मला त्याचा संताप आला. गाणं मात्र आवडलं, ते का नाकारू?

चौऱ्याहत्तरच्या गणपतीत पिंपरीला एका कामगार कॉलनीत आमचा कार्यक्रम होता. भावाबरोबर जमिलाही आली होती. इम्तियाज गायला लागला तेव्हा त्याचा आवाज कापत होता. शेवटच्या ओळीला तर तो रडतोय की काय, असं मला वाटलं. मग शिट्ट्या सुरू झाल्या, वन्स मोअरचा गलका झाला. पब्लिकनं मागितलं की द्यायचं, हा ऑर्केस्ट्राचा रिवाजच. दुसऱ्या खेपेला इम्तियाज त्याच ओळींवर नाचला, पुढच्या रांगेतल्या पोरांना त्यानं डोळाही मारला.

कार्यक्रम संपल्यावर जमिला स्टेजमागं आली. मला कळावं म्हणून की काय, मराठीतच बोलली.

"पहिल्यांदा गायलास तेव्हा वाटलं, याला लई त्रास होतोय. अजून वरीसभर थांबू. दुसऱ्यांदा तू मजेत होतास."

"लोकांसाठी करावं लागतं," इम्तियाज पुटपुटला.

"मग कर." तिनं मंगनीची अंगठी काढून स्पीकरच्या खोक्यावर ठेवली. "अब्बांना मीच सांगते. तुझ्यानं तेवढंबी व्हायचं न्हाई."

ती भावाबरोबर निघून गेली. हवं ते इम्तियाजला आयतं मिळालं होतं. मी ड्रम टेम्पोत चढवत होतो, तो माझ्या मागं मागं फिरत होता.

"तिनं अडवायला तरी पाहिजे होतं, राव."

"तीन वर्षं थांबून ती दुसरं काय करत होती?" मी म्हणालो.

तो रस्त्यापर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा गेला. रस्ता रिकामाच होता, पण कुठल्या बाजूला वळायचं ते त्याला सुचेना.