क्लोरीनचा पाहुणचार

त्याला आमच्या ग्रुपवर 'क्लोरीन' म्हणायचे. हे नाव आपल्या नोकरीवरून पडलं, असा त्याचा समज होता. तो पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होता. दर दोन तासांनी पाण्याचे नमुने घ्यायचे, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा आणि रजिस्टरात आकडा लिहायचा, हे काम त्यानं एकतीस वर्षं केलं. पण नाव पडलं होतं ते त्याच्या तोंडावरून. तो बोलला की समोरच्याच्या डोळ्यांची आग व्हायची.

ग्रुप मासे पाळणाऱ्यांचा. साडेचारशे माणसं, आणि बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. मी त्याचा ॲडमिन. माझं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून मी 'चष्मेवाला'. दिवसभर काचा घासायच्या आणि मधल्या वेळात ग्रुपवरची भांडणं सोडवायची. त्यातली निम्मी क्लोरीनची. मी त्याला तीनदा ग्रुपमधून काढलं आणि तिन्ही वेळा स्वतःच परत घेतलं, कारण तो नसला की लोकांचे मासे पटापट मरायचे. पाण्यातलं त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

एकदा ग्रुपवर एक बाई नवीन आली. शहर बस चालवायची, म्हणून आम्ही तिला 'बसवाली' म्हणू लागलो. पहिल्याच आठवड्यात तिचे अकरा मासे गेले. तिनं टाकीचा फोटो टाकून विचारलं, "माझं काय चुकलं?"

क्लोरीननं लिहिलं, "बाई, तुम्ही मासे पाळत नाही, खाटीकखाना चालवता." आणि त्याच्याखाली, त्याच दमात, नवीन टाकीचं पाणी कसं तयार होऊ द्यायचं, अमोनिया कधी चढतो, कधी उतरतो, कुठल्या दिवशी किती पाणी बदलायचं, हे सगळं चाळीसेक ओळींत लिहून काढलं. त्या ओळी कोणी वाचल्या नाहीत. वरच्या वाक्यावर मात्र सगळे पोट धरून हसले. बसवाली पुढे तीन महिने ग्रुपवर बोललीच नाही.

या गोष्टीला दीड वर्ष झालं असेल. एका दुपारी क्लोरीनचा मेसेज आला. "बादली घेऊन पडलो. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात आहे. माझ्या टाक्यांना कोणीही हात लावायचा नाही."

कोणीतरी विचारलं, "बादलीला फार लागलं का हो?" सतरा जण हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

मग बसवालीनं लिहिलं, "कुठलं हॉस्पिटल? डिस्कसची पिल्लं किती दिवसांची आहेत?"

तेव्हा आमचं हसू थांबलं. डिस्कस म्हणजे ताटलीएवढे गोल, चपटे मासे. त्यांची पिल्लं सुरुवातीचे दिवस आईबापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊन जगतात. या काळात पाणी रोज दोनदा बदलावं लागतं. दोन दिवस चुकले की संपलं. क्लोरीनच्या जोडीला पाच वर्षांत पहिल्यांदाच पिल्लं टिकली होती. आदल्या आठवड्यात त्यानं फोटो टाकला होता, खाली फक्त "बघा" असं लिहून.

मी दुकान बंद करून निघालो. बसवाली हॉस्पिटलच्या दारात उभी होती, युनिफॉर्ममध्येच. आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो. ती म्हणाली, "मला त्या माणसाशी बोलायचं नाहीये. किल्ली घेऊ आणि निघू."

क्लोरीन पाय बांधून पडला होता. चष्मा पडताना फुटला होता, त्यामुळे तो डोळे बारीक करून आमच्याकडे बघत होता.

"कोण?"

"चष्मेवाला. आणि या बसवाली."

"कोणी बोलावलं होतं?"

"कोणी नाही," बसवाली म्हणाली. "तुम्हाला बघायला आले नाही मी. किल्ली द्या."

"तुम्हाला? अकरा मासे एका आठवड्यात मारणाऱ्या बाईला?"

तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ही पाय आपटत निघून जाणार. पण तेवढ्यात वॉर्डात एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई आली. ती त्याची थोरली बहीण. आली तीच ठसक्यात.

"फिशटँकवाल्या दुकानदाराशी बोलणं झालंय माझं. उद्या सकाळी टेम्पो घेऊन येतोय. आठही टाक्या उचलून नेईल. घरात नुसता कुबट वास, आणि त्याच पाण्यावर घसरून पडलास."

"माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे म्हणून घर तुझं झालं काय?"

"माझा नवरा आयसीयूत होता," बहीण म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही, पण शेजारच्या खाटेवरचा माणूसही कान टवकारून ऐकू लागला. "मी तुला फोन केला. तू म्हणालास, मासे आजारी आहेत, दोन दिवसांनी येतो. दोन दिवसांनी आलास तेव्हा तो नव्हता. मला तुझे मासे सांगू नकोस."

क्लोरीननं उशीखाली हात घालून किल्ली काढली आणि बसवालीसमोर धरली. विश्वास टाकून नव्हे. दोघींतली कमी धोक्याची कोण, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

"आतून कडी लावून घ्या," तो म्हणाला. "आणि पाणी अठ्ठावीस अंशांच्या खाली नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला तेव्हा बसवाली आत होती. तिनं दार उघडलं नाही. दुकानदार खालून हाका मारून कंटाळून गेला. बहिणीनं मला फोन करून जे काही सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तिचं सगळंच चूक होतं असंही मला म्हणवत नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती. एकच खोली, तीन भिंतींना टाक्या, चौथ्या भिंतीला पलंग. बसायला एक खुर्ची. स्वयंपाकघरात एक कप, एक ताट, एक चमचा. प्रत्येक टाकीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर सुबक अक्षरात तापमान आणि तारीख. इथे दुसरं माणूस कधी येईल, असं त्यानं गृहीतच धरलेलं नव्हतं.

आम्ही पाळ्या लावल्या. गंमत म्हणजे, ज्यांचा ज्यांचा त्यानं अपमान केला होता, ते सगळे आले. प्रत्येकाच्या पोटात राग होता आणि प्रत्येकाला त्याच्या टाक्या बघायच्या होत्या. आम्ही पाणी बदलून ग्रुपवर कळवायचो आणि तो खाटेवरून फटके मारायचा. "सायफनची नळी उलटी धरलीय का?" "हे पाणी बदलणं की अंगण शिंपणं?" एक गृहस्थ तिसऱ्या दिवशी बादली ठेवून निघून गेले. "फुकटची हमाली करून वर शिव्याही खायच्या?" असं म्हणाले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं.

पाचव्या दिवशी माझ्या हातून घोळ झाला. घाईत गार पाणी ओतलं आणि लहानग्या टेट्रांच्या टाकीतले चार मासे गेले. मी ग्रुपवर खरं ते लिहिलं. त्यानं उत्तर दिलं, "लोकांना चष्मे देता, स्वतःला एखादा घ्या." मी फोन भिरकावणार होतो. तेवढ्यात बसवालीचं उत्तर आलं. "क्लोरीन, तुमच्या पिल्लांचं पाणी आज मी दोनदा बदललं. एकदा ड्यूटीच्या आधी, एकदा नंतर, दोन्ही वेळा तीन मजले चढून. आता तुम्ही एक दिवस गप्प बसा." साडेचारशे माणसांत कोणी हसलं नाही. तो खरोखरच एक दिवस गप्प बसला.

दहा दिवसांनी डॉक्टरांनी त्याला सोडलं, पण सहा आठवडे जिना चढायचा नाही, असं बजावून. बहीण म्हणाली, "माझ्याकडे ये. पण टाक्या विकून." तो म्हणाला, "मग मी हॉस्पिटलच्या पायरीवर राहतो." ती म्हणाली, "राहा," आणि पर्स उचलून गेली.

बसवाली त्या वेळी किल्लीचं विचारायला आली होती. ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "माझ्याकडे तळमजल्यावर खोली आहे."

"उपकार नकोत."

"उपकार नाहीयेत. तुम्ही पायरीवर बसलात तर रोज फोन करून पिल्लांचं विचारणार, आणि मी गाडी चालवत असणार. त्यापेक्षा घरात बसा."

ती खोली तिच्या सासऱ्यांची होती. म्हातारा आयुष्यभर छापखान्यात काम केलेला, हट्टी. त्याची खाट भिंतीकडे सरकवून दुसरी लावली, तेव्हापासूनच त्याचं डोकं फिरलं. "सूनबाई, हा कोण तुझा?"

"कोणी नाही."

"मग माझ्या खोलीत कशाला?"

"दुसरी खोली नाही म्हणून."

दोघांचं पहिल्या दिवसापासून वाजलं. सासऱ्यांना खिडकी उघडी हवी, क्लोरीनला बंद. सासरे रेडिओ मोठ्यानं लावायचे, तो कानात कापूस घालायचा आणि कापूस दिसेल असा बाहेर ठेवायचा. तिसऱ्या आठवड्यात त्यानं जेवताना "यात मीठ कमी आणि पाणी जास्त" म्हटलं. बसवालीनं त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं, ओट्यावर नेऊन ठेवलं आणि कामावर निघून गेली. तासाभरानं सासरे काठी टेकत गेले, ते ताट घेऊन आले आणि त्याच्या मांडीवर आदळलं. "खा. माझ्या घरात उपाशी माणूस असला की मला घास गिळवत नाही. तू आवडतोस म्हणून नव्हे."

हे मला सासऱ्यांनीच सांगितलं. पुढचं मात्र मी स्वतः पाहिलं.

त्याचा नवा चष्मा तयार झाला म्हणून मी द्यायला गेलो होतो. त्यानं तो घातला, वॉकर धरून उठला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बसवालीची टाकी नीट पाहिली. पाणी काचेसारखं होतं. मासे तुकतुकीत. तो काही चूक सापडते का ते शोधत राहिला. मग वाकून टाकीखालच्या कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला एक छापलेला कागद चिकटवला होता, कडा पिवळ्या पडलेला. त्याचंच उत्तर होतं ते. फक्त वरची ओळ कात्रीनं कापून टाकलेली.

"वरची ओळ कुठे गेली?" त्यानं विचारलं.

"कापली," बसवाली भांडी पुसता पुसता म्हणाली.

"का?"

"मला ते रोज वाचायचं होतं. रोज शिवी वाचून कामावर जाणं मला जमत नाही. प्रवाशांच्या मिळतात तेवढ्या पुरतात."

तो तसाच वाकून उभा. "म्हणून मला इथे आणलंत?"

"खालच्या ओळींसाठी आणलं. वरची ओळ मी विसरले असं समजू नका. त्या दिवशी कोणीतरी ते पुढे पाठवलं आणि डेपोत सगळ्यांनी वाचलं. दोन महिने मला 'खाटीकबाई' म्हणत होते."

मी माझ्या चष्म्याची पेटी उगाच उघडबंद करत राहिलो. मला वाटलं, आता तरी हा माणूस माफी मागेल. त्याचे ओठ हलले, नाही असं नाही. मग तो कागदावर बोट ठेवून म्हणाला, "सातव्या ओळीत चूक आहे. तिसरा दिवस नाही, पाचवा पाहिजे."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. ड्रॉवरमधून पेन काढलं आणि त्याच्या दिशेनं फेकलं. "करा दुरुस्त."

त्यानं वॉकरवर रेलून, घाम येईपर्यंत उभं राहून, तीनचा पाच केला. सासरे खाटेवरून ओरडले, "खिडकी उघडा रे कोणीतरी!" आणि त्या दिवशी त्यानं खिडकी उघडू दिली.

सहा आठवड्यांनी तो घरी गेला. आभार मानले नाहीत. सासऱ्यांनी त्याच दिवशी दुसरी खाट बाहेर काढायला लावली. पिल्लांपैकी एकेचाळीस जगली होती. बहीण अजूनही त्याच्याशी बोलत नाही. तो दर महिन्याला तिच्याकडे जातो असं ऐकलं, आणि ती दार उघडते, पण आत ये म्हणत नाही. तो जिन्यात थोडा वेळ उभा राहून परत येतो. त्यातून काय निघेल कोण जाणे.

ग्रुपवर तो होता तसाच आहे. मागच्या महिन्यात एका परगावच्या सभासदानं लिहिलं, "बायकोच्या तपासण्यांसाठी तुमच्या शहरात दोन दिवस यायचंय. हॉस्पिटलजवळ राहायची सोय कोणी सुचवेल का?" लोक लॉजची नावं सांगू लागले. क्लोरीनचा मेसेज आला, "माझ्याकडे या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. टाक्यांच्या काचेवर टकटक करायचं नाही. मला गप्पांची सवय नाही."

ते दोघं बिचकतच गेले. परत गेल्यावर त्या सभासदानं ग्रुपवर लिहिलं, "माणूस भलताच विचित्र आहे. पलंग आम्हाला दिला, स्वतः खुर्चीत झोपला आणि सकाळी मला म्हणाला, तुम्ही घोरता. बायकोला तपासणीसाठी उपाशीपोटी न्यायचं होतं, तर यानंही सकाळपासून काही खाल्लं नाही. विचारलं तर म्हणाला, भूक नाही, तुम्हाला काय करायचंय. निघताना कप विसळायला गेलो तर अंगावर आला. घरात कप मात्र चार होते, तिघांना पुरले."

क्लोरीननं खाली लिहिलं, "घोरण्याचं डॉक्टरला दाखवा."

बसवालीनं ते वाचलेलं मला दिसलं. सकाळची बस होती तिची.