नोंद आधी, काम मग

कंत्राटदाराने प्रेसवरच्या मामांच्या तोंडावर पहिला ठोसा मारला तेव्हा मी दहा पावलांवर होतो. दुसरा मारला तेव्हाही तिथेच. सणसवाडीच्या त्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या दणक्यात माणसाचा आवाज विरून जातो. पत्र्यावर पडलेलं रक्त मात्र लगेच दिसतं.

“हात झडलं का रं तुझं? आठ दिवस झालं, माल निम्म्यावर आलाय!”

सगळे त्यांना मामाच म्हणत; दौंडकडचे, शिक्रापुरात खोली घेऊन राहणारे, कंत्राटदाराच्या बापाच्या वयाचे. “हिरवा दिवाच लागंना, तर दाबू काय? तुझं डोस्कं?” एवढं बोलले आणि तिसरा बसला. मग गेटपास हिसकावून त्याने त्यांना बाहेर काढलं.

प्रेसच्या प्रत्येक दणक्याची वेळ टिपणारं सॉफ्टवेअर मी सांभाळत होतो. दोन दणक्यांमध्ये जास्त वेळ गेला की ते ‘विलंब : कामगार’ असं लिहायचं. त्या यादीत मामा सगळ्यात वर होते. आठ दिवसांपूर्वी त्याची नवी आवृत्ती बसवली होती. मीच.

मोबाइलवर सेकंद मोजत मी मामांच्या प्रेसपाशी उभा राहिलो. त्यांच्या जागी आलेला माणूस पत्रा ठेवायचा, हात मागे घ्यायचा आणि वाट बघायचा. एक, दोन, तीन, चार. मग हिरवा दिवा, आणि तेव्हाच प्रेसचं बटण दाबता यायचं. नोंदी थोडा वेळ बंद करून पाहिलं, तर दिवा हात मागे येताच लागला. जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या सेटिंग शेजारी शेजारी लावल्या. फरक एकाच ओळीत होता, आणि ती ओळ माझी होती.

माझे वडील गेटवर कामगारांची पत्रकं वाटायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. ‘लिहून ठेवा, नाहीतर ते पुसतील,’ हे माझ्या हाडात होतं. मागे एकाची बोटं प्रेसखाली चिरडली, तेव्हा वीज गेली आणि शेवटच्या नोंदी उडाल्या. जुनी आवृत्ती नोंदी साठवून एकदम लिहायची. कंपनीने खुशाल लिहिलं, ‘कामगाराचं दुर्लक्ष.’ म्हणून नव्या आवृत्तीत मी हट्टाने ठरवलं: प्रत्येक नोंद डिस्कवर उतरल्याशिवाय दिवा लागणार नाही. चाचणी घेतली ती एका प्रेसवर. चाळीस प्रेस एकाच जुन्या डिस्कपुढे रांगेत उभ्या राहतील, आणि मामांची सगळ्यात शेवटी, हे माझ्या क्रांतिकारक डोक्यात आलंच नाही.

अपघाताची नोंद तेवढी ताबडतोब, बाकीच्या एकत्र, असं करून टाकलं. दहा मिनिटांचं काम.

मॅनेजर म्हणाले, “झालं ना ठीक? आता बोभाटा नको.”

“आणि मामा?”

“कंत्राटी माणूस आहे. दुसरा येईल.”

मी टेबलावरचा काचेचा ग्लास भिंतीवर फोडला. त्याने काहीच झालं नाही. सकाळी पाळी सुटताना गेटवर कागद चिकटवला: विलंब सॉफ्टवेअरचा होता, निर्णय माझा होता, आणि कंत्राटदाराने माझ्यादेखत निर्दोष माणसाला मारलं. खाली सही.

कंत्राटदाराने कागद टराटरा फाडला. “लई शाणा झाला व्हय रं कॉम्प्युटरवाला!” त्याचं डोकं माझ्या नाकावर आदळलं. मी खाली पडलो, पोटात बूट बसला, मीही त्याच्या पायाला कडकडून चावलो. तोवर आत जाणारी पाळी गेटवरच थांबली होती. “मामा आत, तरच मशीन चालू,” कुणीतरी ओरडलं, आणि कुणीच हललं नाही. तासाभराने मॅनेजर स्वतः गेटपास घेऊन आले.

खोलीवरून बोलावलेले मामा सुजलेल्या ओठाने माझ्यापुढे उभे राहिले. मी म्हणालो, “मामा, चूक माझी होती. पण हेतू तुमच्या हातांसाठीच—”

“वाचला तुझा कागद, पोरांनी तुकडं जुळवून चिकटवलाय.” ते खाली थुंकले, अजून लाल होतं. “चूक व्हती, ती कळली. पन तो मला हाणत व्हता तवा तू तिथंच व्हतास, ते बी लिवलंयस. मग धरला का न्हाई त्याचा हात?”

मामा गेटपास घेऊन कामावर गेले.