खुरप्याला पाणी

निवृत्त झालेल्या माणसानं काय करावं याबद्दल आमच्या औरंगपुऱ्यात प्रत्येकाला ठाम मत असतं. एकानं मला वाचनालय सुचवलं, दुसऱ्यानं न विचारता पहाटेचं फिरणं. मी लोहारकाम निवडलं. उभा जन्म सरकारी कचेरीत फायलींवर शेरे मारण्यात गेलेला. माझ्या हातांवर बायकोचा एवढा विश्वास, की नारळही ती मला फोडू देत नसे.

खरं कारण वेगळंच होतं. बिडकीनजवळच्या आमच्या शेतात माझा थोरला भाऊ अजून स्वतः निंदायला बसतो. मी शिकावं म्हणून त्यानं शाळा सोडली. मी त्याला शाल दिली, मनगटी घड्याळ दिलं, रक्तदाब मोजायचं यंत्र दिलं. सगळं खोक्यासकट कपाटात. त्याच्या रोजच्या हातात राहील असं एक तरी काही मला द्यायचं होतं. म्हणून खुरपं, आणि तेही स्वतः घडवलेलं. त्याला सांगितलं तर ठसका लागेपर्यंत हसला.

"तू खुरपं करणार? पोळ्याला मातीचे बैल कर, तेवढं जमंल."

मला राग येतो तेव्हा मी कामाला लागतो. जुन्या बाजारातून ट्रकच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्याचा तुकडा आणला. भंगारवाला म्हणाला, "साब, ये उमर में काय कू होना ये सब?" मी तडक पैठण रस्ता धरला. तिथं पाल टाकून एक लोहार जोडपं बसायचं. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरी आणि दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीनं टिचकी मारी. टिचकी पडली तिथंच बायकोचा घण पडे. हातोडी रिकाम्या ऐरणीवर वाजली की घण थांबे. एक शब्द बोलावा लागत नसे. मी शिकवा म्हटल्यावर दोघं एकमेकांकडं बघून हसली, पण नाही म्हणाली नाहीत.

पहिलं खुरपं मी हट्टानं एकट्यानं केलं. ते आमटीच्या पळीसारखं झालं. दुसरं मात्र खुरप्यासारखं दिसत होतं. ते लालबुंद असतानाच मी अख्खंच्या अख्खं बादलीत बुडवलं. आवाज फार छान आला. घरी नेताना स्कूटरवरून पडलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. तुकडे बघून लोहारीण म्हणाली, "साहेब, लोखंडाला पाणी देत्यात, आंघोळ घालीत नसतेत. निस्ती धार बुडवावी."

लोहार म्हणाला, "आन् ह्याला दोन माणसं लागत्यात. घणाला घरचं माणूस आणा. परक्याचा घण कवा बोटावर बसंल, नेम नाय."

घरात दुसरं माणूस एकच, बायको. माझे तीन शर्ट कुठं जळले ते बघायचं म्हणूनच ती आली. घटकाभर लोहारणीकडं टक लावून बघत राहिली, मग पदर खोचला आणि घण उचलला. मी ऐटीत टिचकी मारली. घण भलतीकडंच पडला.

"इथं मार, इथं!"

"तिथं पातळ झालंय. हितं जाड राहिलंय, दिसंना का तुम्हाला?"

मी दाद मागायला लोहाराकडं बघितलं. तो विडी शिलगावण्यात गुंतला होता. लोहारीण मात्र म्हणाली, "बाई बरोबर मारायल्यात. साहेब, तुम्ही निस्तं धरून बसा."

मी धरून बसलो. शेवटी थांब म्हणून ऐरण वाजवली, तरी तिनं आणखी चार घण घातले. ते चार कशाबद्दलचे होते हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पाणीही तिनंच दिलं, नुसत्या धारेला, दुधात बोट बुडवून बघावं तसं.

रविवारी आम्ही दोघं शेतात गेलो. भाऊ कपाशीत निंदत होता. परीक्षेचा पेपर द्यावा तसं मी खुरपं त्याच्या हातात दिलं. हेही कपाटात गेलं तर मला ते सोसणार नव्हतं.

"घण हिनं मारलाय," मी आधीच सांगून टाकलं.

"ते दिसायलंय," तो म्हणाला.

त्यानं धारेवरून अंगठा फिरवला, दगडावर पातं वाजवून बघितलं आणि बसला. ओळीच्या टोकापर्यंत मागं वळून बघितलं नाही. मला वाटलं, आता उठेल आणि काहीतरी बोलेल. तो दुसऱ्या ओळीला लागला. मी बांधावर उभा राहून डोळे पुसत होतो. बायको म्हणाली धूळ गेली असेल, मी म्हटलं हो.

तिसरी ओळ धरताना त्यानं कमरेचं आपलं जुनं, झिजून अर्धं झालेलं खुरपं काढलं आणि माझ्याकडं टाकलं.

"हुबा काय ऱ्हायलास? बस माझ्या बाजूच्या वळीला."

जन्मात पहिल्यांदा त्यानं मला शेतात काम सांगितलं होतं. मी इस्त्रीच्या पँटीनिशी मातीत बसलो आणि जीव ओतून निंदायला लागलो. पाच मिनिटांत तो ओरडला, "आरं, कपाशी उपटायलास! गवत ठिवलंस अन् कपाशी उपटायलास!"

पण ऊठ म्हणाला नाही.