थोरलं उजवं, धाकटं डावं

“ओवलं का हो?” काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“ओवलं,” भिंगकाका म्हणाले. पहिल्याच झटक्यात दोरा सुईत गेला होता, पण त्याचं कौतुक वाटण्याइतकं त्राण अंगात नव्हतं. गेले सहा दिवस रोज सकाळी हीच परीक्षा. काल तांदळातले खडे, परवा औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं. काकू तोंडानं अवाक्षर काढत नसत, नुसती कामं पुढे सरकवत.

चष्म्याच्या काचा घासण्यात काकांची एकतीस वर्षं गेली होती. भिंग हे नाव कारखान्यानंच पाडलेलं. त्याच कारखान्यात गेल्या आठवड्यात मालक अकरा माणसांसमोर म्हणाले होते, “तेवीस चष्मे परत आलेत. उजवी काच डावीकडे, डावी उजवीकडे. लोकांची डोकी दुखतायत. तुमचे डोळे गेले, काका. आता घरी बसा.”

काका पिशवी उचलून निघाले होते. येताना रस्ताभर एक डोळा झाकून दुकानांच्या पाट्या वाचत आले. सगळ्या वाचता आल्या. तरी मनात किडा शिरला तो शिरलाच. तेवीस चष्मे काय आपोआप बिघडतात?

दारावर थाप पडली.

“या वेळी कोण कडमडलं?” म्हणत काकूंनी दार उघडलं. दारात कारखान्याच्या कॉम्प्युटरचा नवा प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी. तीन जिने चढून धापा टाकत होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

“काका, तुम्ही घरी बसल्यावरही नऊ चष्मे परत आले,” ती खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाली. “तुमच्या जागी बसवलेल्या नव्या माणसाचेही. खरं सांगा, उजवी-डावी तुम्ही कशी ओळखायचात?”

“त्यात काय! एका चष्म्याच्या दोन काचा, दोघींना एकच खूण. उजवीला थोरली अक्षरं, डावीला धाकटी.”

“अगंबाई, अक्षरांतही थोरली-धाकटी?” काकू म्हणाल्या.

“इंग्रजीत असतात. कॅपिटल ती थोरली, स्मॉल ती धाकटी. जुन्या मशीनमध्ये खुणेला चारच अक्षरांपुरती घरं होती गं. उजवं-डावं लिहायला जागा कुठली? म्हणून ही युक्ती. मी सगळ्यांना शिकवली, नव्या माणसालासुद्धा, माझ्या हाताखाली होता तेव्हाच.”

मुलीनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

“मला नाही शिकवलीत.”

“तू कुठे विचारलंस?”

“नाही विचारलं,” ती हळूच म्हणाली. “मालक म्हणाले, खुणा गबाळ्या दिसतात, सगळ्या सारख्या कर. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिली. कुणी काहीही टाइप करा, मशीन त्याचं थोरलं अक्षर करूनच ठेवतं. तुम्ही आत धाकटं टाइप करत होतात आणि बाहेर पाकिटावर थोरलं छापून येत होतं. काचा बसवणाऱ्याच्या हातात दोन पाकिटं, दोन्हींवर एकच खूण. जी हाताला लागली ती त्यानं उजवीकडे बसवली.”

आत घासणं, बाहेर छपाई. मधल्या दारापलीकडे काका कधी गेलेच नव्हते.

“म्हणजे ह्यांचे डोळे...” काकू म्हणाल्या. त्यांनी पुढे होऊन सुई काढून घेतली आणि डब्यात टाकली.

“ती ओळ मी आज पुसते,” मुलगी म्हणाली. “पण एकोणीस जोड्या बसवायच्या राहून अजून कारखान्यात पडून आहेत. एकदा थोरलं केलेलं अक्षर मुळात धाकटं होतं का, ते मशीनला आठवत नाही. सगळ्यांचे नंबर पुन्हा मोजायचे म्हणजे...”

“कोणती आधी टाइप झाली, ते आठवतं का त्याला?”

“वेळ असते प्रत्येकीची, पाकिटावर छापलेली.”

“मग झालं तर. मी उजवी आधी घासतो आणि घासली की लगेच टाइप करतो. एकतीस वर्षांत डावी आधी घेतली नाही. नव्यालाही तेच शिकवलंय. आधीची ती उजवी.”

मुलीनं घाईघाईनं ते वहीत उतरवलं. काकूंनी तिच्यापुढे चहा ठेवला. “घे. चूक झाली खरी, पण तीन जिने चढून विचारायला आलीस.”

“नव्याचेही चष्मे परत आल्यावर मालक म्हणाले, सोमवारपासून काकांना या म्हणावं. सहा दिवस रजेत धरतील. आणखी काही हवं असेल तर सांगा, मी त्यांच्या कानावर घालते.”

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. रागवायचं म्हटलं तरी ताकद लागते. ती या सहा दिवसांत कुठे गळून गेली, कोण जाणे.

“एकच सांग,” ते म्हणाले. “अकरा माणसांसमोर बोलले होते. तेवढ्याच माणसांसमोर एकदा म्हणू देत, की याचे डोळे चांगले आहेत.”