ताईच्या रक्तातलं तांबं

माझी थोरली ताई कामठीत मुलींना कबड्डी शिकवते. हातमाग-यंत्रमागाच्या गल्ल्यांतल्या, घरून मैदानावर जायचीही परवानगी नसलेल्या मुलींच्या दारात उभं राहून तिनं आईबापांशी भांडणं केली. त्यांतल्या काहीजणी आज पोलिसात आहेत. अशी ही ताई एकदा नागपूरला माझ्या घराचा जिना चढताना मधल्याच पायरीवर बसली, तेव्हा मी तिला तशीच डॉक्टरांकडे नेली.

हिमोग्लोबिन फार कमी निघालं. लोहाच्या गोळ्या झाल्या, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, तरी रक्त वाढेना. उलट पांढऱ्या पेशीही घटल्या आणि तळपाय बधिर होऊ लागले. "पायात चप्पल हाय का नाही, हे मले खाली पाहूनच समजते," ती म्हणायची. डॉक्टरांनी बोन मॅरोची तपासणी सुचवली, तेव्हा त्यांना रक्ताच्या कॅन्सरची शंका आहे हे आम्हाला न सांगताच कळलं.

माझी मुलगी नुकतीच डॉक्टर झाली होती आणि नागपुरातच पुढचं शिकत होती. सुटी मिळताच ती आत्याकडे कामठीला गेली. मीही सोबत होतो. तिनं सगळे रिपोर्ट पाहिले. मग उठून फ्रिजवरचा औषधांचा डबा घेऊन आली.

"आत्या, या झिंकच्या गोळ्या कधीपासून खातेस?"

"करोनापासून. ताकद येते म्हणत."

"रोज?"

"रोज सकाळ-संध्याकाळ. अन् केस गळून राहिले म्हणून ही दुसरी. काहून वं?"

मुलीनं दुसरी बाटली उलटून वाचली. तीही झिंकचीच होती.

"झिंक फार झालं की आतडं तांबं रक्तात जाऊ देत नाही. आणि तांबं नसलं तर शरीरात लोह असूनही रक्त बनवायला ते नीट वापरता येत नाही. पाय बधिर होणंसुद्धा त्यातलंच असू शकतं."

"तांबं? रक्तात?" ताई आजारपणातही हसली. "मले वाटे, तांबं फक्त पाण्याच्या गुंडात असते!"

मुलीनं तिथूनच ताईच्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, बोन मॅरोच्या आधी एकदा कॉपर बघता येईल का?" त्यांनी ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि लगेच होकार दिला. रिपोर्ट आला तो डॉक्टरांनी मला स्वतः दाखवला. तांबं जवळजवळ नव्हतंच. "बरं विचारलं तिनं," ते म्हणाले. माझी छाती अभिमानानं फुगली.

झिंक त्याच दिवशी बंद झालं. तांबं आधी सलाइनमधून, मग गोळ्यांनी दिलं. जेवणात तीळ, जवस, शेंगदाणे आणि अधूनमधून कलेजी आली. शेजारणीनं कौतुकानं तांब्याचा लोटा आणून दिला, तर मुलगी म्हणाली, "पाणी पी खुशाल, पण त्यानं एवढी तूट भरणार नाही. औषध चुकवू नकोस." काही आठवड्यांत रक्त वाढू लागलं. बोन मॅरोच्या तपासणीची गरजच पडली नाही. पाय मात्र सावकाश सुधारले. आजही तळव्यांना थोडी बधिरता आहे आणि अंधारात ताई भिंतीचा आधार घेते.

ती मैदानावर परतली त्या संध्याकाळी मी आणि माझी मुलगी गेलो होतो. सराव थांबवून तिनं मुलींना गोल बसवलं.

"हे माझी भाची. इनं मले उभं केलं. अन् तुम्ही ऐका, ताकदीची कोणतीच गोळी आपल्या मनानं खायची नाही. कोणी देली तरी पहिले डॉक्टरले विचारा."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. माझी मुलगी लाजून मान खाली घालून उभी राहिली. मी मात्र अजिबात लाजलो नाही. बाकीच्यांच्या टाळ्या थांबल्या तरी माझ्या चालूच होत्या.