सरकारी चिंचेची सावली

चिंतामणी फोटोवाल्यांचं सगळं काम उन्हावर चाले. एकोणीसशे दहाच्या आसपासची गोष्ट. जबलपुरात त्यांच्या घरी वीज कुठली असायला. चौकटीत फोटो घेतलेली काच, तिच्याखाली कागद घालून ते अंगणात मांडून ठेवायचे, आणि ऊन सावकाश चेहरे उमटवत बसे. ते पाहता पाहता चिंतामणींची अशी तंद्री लागे की घरात दूध उतू गेलं तरी पत्ता नसे.

वैरी एकच, रस्त्याकडेची सरकारी चिंच. तिच्या फांद्या कुंपण ओलांडून घरावर आलेल्या. दहा वाजले की अंगणात सावली, मग चौकटी उचलून उन्हामागे फिरायचं. सिहोऱ्याच्या मालगुजारांचा फोटो आठ दिवस रखडला, तेव्हा चिंतामणी हट्टालाच पेटले. म्युनिसिपालटीत अर्जावर अर्ज केले. ओव्हरसियर म्हणाला, झाड सरकारचं आहे. यांनी विचारलं, मग माझ्या अंगणातली सावली कुणाची? दोन वर्षांनी, माघात, म्युनिसिपालटीनं घरावरच्या सगळ्या फांद्या उतरवल्या. अंगण उन्हानं भरून गेलं, आणि चिंतामणी दिवसभर त्यात नुसतेच बसून राहिले.

वैशाखात शरयूचं लग्न झालं. एकुलती एक लेक. गावभराचे फोटो काढणाऱ्या बापानं तिचा एकही काढला नव्हता. घरचंच माणूस, कधीही काढू. निघायच्या घटकेला तिला अंगणात उभी केली आणि कॅमेऱ्यात उरलेली एकमेव काच लावून फोटो घेतला. मग टांगा स्टेशनकडे गेला.

दुपारी ते काच धुवायला मागच्या अंधाऱ्या खोलीत शिरले. लग्नाच्या धांदलीत खोली महिनाभर बंदच होती. आजवर भर उन्हाळ्यातही तिथं गारवा असे. तो चिंचेचा होता, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आता भांड्यातलं पाणी चांगलंच तापलेलं. लाल कंदिलाच्या उजेडात शरयू हळूहळू उमटली, आणि मग काचेवरचा चित्र धरणारा मसाला त्या गरम पाण्यात वितळून सुटला. पदर, हात, चेहरा, सगळं पाण्यात तरंगत निघालं. बोटांनी धरता येईना. चिंतामणी तिथंच खाली बसून रडले.

विनताबाई दारात आल्या. नवऱ्याच्या हातातली कोरी काच पाहून त्यांना काय ते कळलं.

"दिसली का तुम्हाले?"

"दिसली. घडीभर."

त्या जवळ येऊन बसल्या. "मंग मले सांगा, कशी दिसून राहिली होती. मी तं रडण्यात तिच्याकडे नीट पाह्यलंच नाही."