दोन्ही बाह्या डाव्या

काकू कापायच्या आणि काका शिवायचे, अशी त्या शिलाईच्या दुकानात लग्नापासूनची वाटणी. काकूंच्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, काकांनीसुद्धा नाही.

दोनेक वर्षं काकूंची हाडं ठणकत होती. तहान भागेना, थकवा जाईना आणि बोलता बोलता पुढचा शब्दच हरवायचा. काकांनी आपल्या अकलेने निदान केलं: हाडं दुखतात म्हणजे कॅल्शियम कमी. गोळ्या आणल्या आणि रोज समोर उभं राहून गिळायला लावल्या. माणूस प्रेमळ, पण प्रेमाला वैद्यकी येतेच असं नाही.

मग काकूंनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. कापड अपुरं म्हणून घडी न घालता एकेक बाही कापली आणि दुसऱ्या वेळी कागदी नमुना उलटा करायचा राहून गेला. शिकाऊसुद्धा ही चूक एकदाच करतात. "साठी बुद्धी नाठी," गिऱ्हाईक हसत म्हणालं. काकूंची साठी अजून लांब होती. काकांनी काही न बोलता कात्री आपल्या खणात ठेवली. काकूंची आई शेवटी शेवटी घरच्यांनाही ओळखत नव्हती. आपलंही तेच सुरू झालं, असं काकूंनी मनाशी धरलं आणि त्या मुकाट्याने बटणं लावत बसू लागल्या.

मुतखड्याची कळ उठली तेव्हा कुठे दवाखाना झाला. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅल्शियम कमी कुठलं, भलतंच जास्त आहे. गळ्यात डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यातली एक माजलीय. हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात ओततेय. गोळ्या आधी बंद करा."

"म्हणजे चोर घरातच होता आणि मी वरून भर घालत होतो," काका पुटपुटले.

"आणि माझं डोकं?" काकूंनी विचारलं.

"ग्रंथी काढल्यावर बघू. पुष्कळांचं सुधारतं."

ऑपरेशननंतर हाडं भरून यायला बाईंनी काही दिवस त्याच गोळ्या लिहून दिल्या. काकांनी तीन तीनदा विचारून खात्री करून घेतली.

काकू हळूहळू सावरल्या. एके सकाळी काकांनी कात्री आणि कोटाचं कापड टेबलावर ठेवलं. काकूंनी एक बाही कापली, नमुना उलटला, दुसरी कापली. दोन्ही शेजारी मांडून पाहिल्या. एक डावी, एक उजवी.

"मला वेड लागतंय असं वाटलं होतं ना तुम्हाला?"

काकांनी मशीन थांबवलं. "हो. घाबरलो होतो."

"मग तसं म्हणायचं होतं," काकू म्हणाल्या. "मी इतके दिवस एकटीच घाबरत बसले."